बत्तीस अंशांवरचे जिताडे

मंगळवार, ४ मार्च

आज माझा व्हिडिओ काढला. आमच्या कंपनीच्या मालकांनी, सिद्धेश सरांनी, मुंबईहून कॅमेरावाला बोलावला होता. पांढरा कोट घालून मी टाक्यांच्या खोलीत उभी राहिले आणि कोकणातल्या पिंजरेवाल्यांना, म्हणजे खाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत मासे पाळणाऱ्यांना, सांगितलं: उन्हाळ्यात खाडीचं पाणी तापलं तरी घाबरू नका, आमची पावडर खाद्यात मिसळा, खाद्य पूर्ण चालू ठेवा, मासा खाईल आणि वाढेल. सारखी अडखळत होते. सर म्हणाले, "पूनम, आईशी बोलतेस तसं बोल." मग जमलं.

आमच्या पावडरीत माशाच्या पोटात राहणारे चांगले जिवाणू असतात. ते असले की पचन नीट होतं आणि वाईट जिवाणूंना जागा मिळत नाही. एवढं साधं काम, पण ते सिद्ध करायला चाकणमध्ये समुद्र करावा लागला. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग ठोकणारी शेड, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारी, आणि मधे आम्ही, बोअरच्या पाण्यात मीठ कालवून जिताडे, म्हणजे खाडीतले मासे, पाळणारे. खोलीला खिडकी नाही. टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज घरी आल्यावरसुद्धा कानात राहतो.

व्हिडिओत लॅबमधल्या माझ्या सहकाऱ्याने, नागसेनने, बोलायचं असं आधी ठरलं होतं. तो जानेवारीत अचानक सोडून गेला. लॅबचं प्रमुखपद मला मिळालं, ते त्याला सहन झालं नसावं.

गुरुवार, १३ मार्च

गुरुवारी चाकणच्या कंपन्या बंद असतात, पण माशांना सुट्टी कुठली? पाळी माझ्याकडे होती. सगळा रस्ता मोकळा मिळाला, एरवी मोशीपासून बस गोगलगायीसारखी सरकते.

नागसेनचा मेसेज आला. 'व्हिडिओ बघितला. टाकी ३२ वर ठेवून बघ. खाद्य पूर्ण देऊन.' बस, एवढंच. ना कशी आहेस, ना अभिनंदन. जाताना माझ्याशी धड बोलला नाही आणि आता शहाणपण शिकवतोय. उत्तर दिलं नाही.

पण मुद्दा मनातून जाईना. आमच्या सगळ्या चाचण्या अठ्ठावीस अंशांवर झाल्यात. कोकणातल्या खाड्या गेली काही वर्षं एप्रिल-मेमध्ये त्याच्या बऱ्याच वर जातात.

शुक्रवार, १४ मार्च

सरांना विचारलं, अर्ध्या टाक्या बत्तीसवर नेऊन बघू का? ते म्हणाले, "हे तुझ्या डोक्यातलं, की नागसेनच्या?"

माझ्याच, असं मी म्हणाले. खोटं का बोलले, कळलं नाही.

"कर," ते म्हणाले. "पण अजून कागदावर आणू नकोस. अर्धवट आकडे बाहेर गेले की लोक घाबरतात. नागसेनचं तेच झालं. त्याला धीर नव्हता. तुझ्यात आहे, म्हणून ही खुर्ची तुला दिली."

सर स्वतःहून कौतुक करत नाहीत. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "धीराचं कौतुक मालक लोकच करतेत बघ." तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. बाबांची उभी हयात कारखान्यात गेली, त्यामुळे असेल.

गुरुवार, २७ मार्च

अर्ध्या टाक्यांचं पाणी हळूहळू चढवत बत्तीसवर आणलं. थंड टाक्यांतले मासे खाद्याची मूठ पडताच उसळून येतात. गरम टाक्यांतले येतात, तोंड लावतात आणि वळतात. उरलेलं खाद्य तळाला बसतं, त्याच्यावर पांढरी साय धरते. पावडर दोन्हीकडे सारखीच.

माझ्या हिशेबाने गरम टाक्यांचं खाद्य निम्म्यावर आणायला हवं. सरांना विचारलं. ते म्हणाले, "मग तुलना कशी होणार? व्हिडिओत पूर्ण सांगितलंय ना? तेच दे."

बरोबर आहे. तुलना व्हायची तर सारखंच द्यायला हवं.

आज कोकणातून पहिला फोन आला. कुसुमताई म्हणून आहेत, राजापूरकडच्या एका खाडीवरच्या गावात बायकांचा गट चालवतात. मोठ्या आवाजात बोलतात, मागे वारा. "ताई, तुमचा व्हिडिओ आमच्या सगळ्या बायांनी पाह्यला हो! आतापर्यंत जो तो इंग्रजीत सांगायचा. तुम्ही कसं, घरातल्यासारखं सांगितलंत." पुढच्या गावच्या पिंजरेवाल्यांनाही त्यांनीच पाठवला म्हणे.

दिवसभर छान वाटत होतं. संध्याकाळी पुन्हा तळाची साय उपसली.

गुरुवार, ३ एप्रिल

गरम टाक्यांत मासे मरायला लागले.

आधी रंग काळवंडतो. मग मासा कडेला टेकून उभा राहतो, कल्ले भराभर हलवत. मग पोटाखाली लाल चट्टे. आतडं उघडून त्यातले जिवाणू काचेच्या प्लेटवर वाढवले. आमच्या पावडरीतले जिवाणू जवळजवळ नाहीसे झालेत आणि पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी प्लेट भरून गेलीय. तो व्हिब्रिओ, वाईट जिवाणूंपैकी एक. समुद्रात तो असतोच, थोडा प्रत्येक माशात असतो. पाणी तापलं की त्याला ऊत येतो आणि आमचे तग धरत नाहीत. त्यात न खाल्लेलं खाद्य सडतं, ते त्याला मेजवानी. म्हणजे पूर्ण खाद्य द्या असं सांगून आपण

वाक्य पुरं केलं नाही. सरांना फोन लावला. ते म्हणाले, हीटर बिघडला असेल, कोपऱ्यात पाणी जास्त तापलं असेल. नवे हीटर मागवतो, पुन्हा कर.

शक्य आहे. थर्मामीटर टाकीच्या मधोमध असतो, कोपऱ्याचं मी मोजलं नव्हतं.

शनिवार, १२ एप्रिल

कोपरे मोजले, तळ मोजला. नवे हीटर, नवे मासे. यावेळी खाद्याचे दोन भाग केले, सरांना न विचारता. बत्तीसवर पूर्ण खाद्य दिलेले मरतायत. बत्तीसवरच अर्ध्याहून कमी दिलेले सुस्त आहेत, पण जिवंत आहेत.

सरांच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही.

"खाडीला भरती-ओहोटी असते," ते म्हणाले. "तुझ्या टाकीला नाही. तिथलं पाणी बदलत राहतं."

"सर, बाहेरचा समुद्रच तापला असेल तर भरतीला येणारं पाणीही गरमच येणार."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पूनम, इथे पॅकिंगवर बावीस बायका आहेत. मोशीच्या, कुरुळीच्या. हंगाम एप्रिल ते जून. आत्ता तू एक शब्द बाहेर काढलास तर उद्या त्यांना मी काय सांगू? तू सांगशील? पावसाळ्यात शांतपणे बसू, नवे जिवाणू शोधू. तोवर हे तुझ्या-माझ्यात. नोकरीला लागताना गुप्ततेचा शब्द दिलायस, आठवतं ना?"

आठवतं. बाहेर येताना पॅकिंगमधल्या सुमनताई दिसल्या. तोंडाला फडकं, भुवया पावडरीने पांढऱ्या. "मॅडम, जेवलात का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मला मान वर करता आली नाही.

सर वाईट नाहीत. बावीस घरांचा विचार तरी करतात. मी कोणाचा करतेय, हेच मला समजत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी आईबरोबर पिंपरीला पुतळ्याशी जाऊन आले. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पाय ठेवायला जागा नाही. घरी आल्यावर आईने शेजारच्या बायकांना खीर दिली आणि माझा व्हिडिओ लावला. "बघा, माझी लेक समुद्रावाल्यांना शिकवायली." सगळ्यांनी पुन्हा एकदा पाहिला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले. भिंतीपलीकडून माझा आवाज येत होता: घाबरू नका, खाद्य पूर्ण चालू ठेवा. घासून झालेलं पातेलं परत घासलं.

तेवढ्यात कुसुमताईंचा फोन.

"ताई, पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं झालंय हो. मासा वर येऊन उभा राहतो. खातच नाही."

"मग थोडं कमी द्या."

"कमी कसं? तुम्हीच सांगितलंत ना पूर्ण द्या म्हणून? उलट आम्ही पावडर वाढवली."

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. बघते, विचारून सांगते, असलं काहीतरी. त्या म्हणाल्या, "विचारा हां. तुमच्या भरवशावर आहोत."

आई दारात उभी होती. "कोण होतं गं?"

"ऑफिसचं."

"तोंड कशाला असं झालंय?"

मी नळ मोठा सोडला. तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

बुधवार, १६ एप्रिल

नागसेनला फोन केला. तो आता सांगवीत राहतो, एका कॉलेजात शिकवतो. मी म्हटलं, बत्तीसवर मेले.

तो म्हणाला, "माझेही नोव्हेंबरमध्ये मेले होते. सरांनी टाक्या रिकाम्या करून घेतल्या. हीटर बिघडला म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आलो होतो. तुला त्याच दिवशी प्रमुखपदाचं लेटर मिळालं होतं. तू पेढे वाटत होतीस."

मला आठवतंय. त्याने पेढा घेतला नव्हता. मी सगळ्यांना सांगत फिरले की जळतोय.

"मग बाहेर का नाही बोललास?" मी विचारलं.

"वकिलाचं पत्र आलं. पोरगी लहान आहे. घाबरलो. म्हणून तुला मेसेज केला, तेवढंच धाडस होतं." मग म्हणाला, "तुला अडकवलं ते मीच, एका अर्थी. मी गेलो नसतो तर व्हिडिओत माझं तोंड असतं."

कोणाचंही तोंड असतं तरी मासे मेलेच असते. तरीही दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं: सरांना माझ्यातला धीरच हवा होता.

शुक्रवार, १८ एप्रिल

कुसुमताईंना फोनवर सांगून टाकलं. मासे आत्ताच काढा, निम्मे तरी काढा, बाकीच्यांचं खाद्य तोडा.

त्या हसल्याच. "कायतरीच काय ताई! अजून अर्ध्या वजनाचे आहेत. कोणी फसवून फोन केला म्हणतील बाया. व्हिडिओत तुम्ही..."

"व्हिडिओत मी चुकीचं सांगितलंय."

"मग आता बरोबर सांगताय कशावरून?"

प्रत्यक्ष जाऊन दाखवल्याशिवाय पटणार नाही. उद्या सकाळी वल्लभनगरहून एसटी आहे. सरांना ताप आल्याचं कळवलंय. आईला ट्रेनिंग सांगितलं. ती डब्यात चपात्या बांधताना म्हणाली, "ट्रेनिंगला जुन्या चपला घेऊन चाललीस?"

रविवार, २० एप्रिल

खाडीवरून लिहितेय, कुसुमताईंच्या पडवीत बसून.

काल दुपारी उतरले. पिंजरे म्हणजे निळ्या पिंपांवर तरंगणाऱ्या चौकटी आणि खाली सोडलेली जाळी. होडीतून गेलो. मी इतकी वर्षं जिताड्यांबरोबर काम करतेय, पण समुद्रातला जिताडा पहिल्यांदाच बघत होते. हजारोंनी, वरच्या थरात, तोंड वर करून उभे. पाण्यात हात घातला तर माझ्या गरम टाकीतल्यासारखंच लागलं. थर्मामीटर सोडायची गरजच नव्हती, तरी सोडला. बत्तीसच्या वर.

पळायला त्यांना जागा नाही. मोकळा मासा खोल थंड पाण्यात जाईल, हे कुठे जाणार?

एक मासा काढून चौकटीवरच पोट फाडून दाखवलं. आतडं सुजून लाल झालेलं, आत पिवळं पाणी. बायका वाकून बघत होत्या. मोनिका नावाची तरुण मुलगी आहे गटात, ती म्हणाली, "काल घरी आणलेल्याचं पण असंच होतं गं."

होडी काठाला लागल्यावर कुसुमताई एकदम फिरल्या माझ्यावर. "तुमचं ऐकून वाढवले, आता तुमचं ऐकून काढायचे. आम्ही काय तुमच्या टाक्या आहोत? तुम्हाला ठाऊक कधी झालं?"

"या महिन्याच्या सुरुवातीला."

"आणि मी फोन केला चौदा तारखेला. तेव्हा विचारून सांगते म्हणालात."

"हो."

"कोणाला विचारत होतात?"

त्या पदराने तोंड पुसत आत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, परतीची गाडी बघावी. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि बायांना म्हणाल्या, "ओहोटी लागली की जाळी उचलायची. बर्फवाल्याला फोन लावा. आणि ह्यांना पण घ्या हाताखाली, उभ्या कशाला राहतील?"

आज पहाटेपासून मासे काढतोय. जाळी उचलताना चौकट एका बाजूला कलते आणि सगळे मासे एका कोपऱ्यात दाटतात, एकमेकांवर आपटत. त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता. आमच्याकडे ब्लोअरच ऐकू येतो. एक पिंजरा निम्मा ठेवलाय, खाद्य तोडून, माझ्या सांगण्यावरून. तो जगला नाही तर काय, हे कोणी विचारलं नाही.

जेवताना कुसुमताईंनी माझ्या ताटात भात वाढला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवार, २३ एप्रिल

कामावर गेले. सर म्हणाले, "बरं वाटतंय ना आता?" उन्हाने माझं तोंड काळं पडलंय, नाक सोललंय. ताप आलेल्या माणसाचं असं होत नाही. ते केबिनकडे वळले. त्यांना कळलं नसावं.

सोमवार, ५ मे

पुढच्या गावचे सगळे पिंजरे गेले. कुसुमताईंनी त्यांना निरोप दिला होता, पण त्यांच्यापाशी माझा व्हिडिओ होता, आणि दिसतं ते खरं. मोनिकाने फोटो पाठवला. पाणी दिसत नाही, नुसती पांढरी पोटं. खाली लिहिलंय: 'आमचा निम्मा पिंजरा बराचसा जगला. काकी म्हणाली कळव.' काकी म्हणजे कुसुमताई. स्वतः फोन करत नाहीत.

आई खोलीत आली तेव्हा मी मोबाइल हातात धरून बसले होते. तिने फोटो पाहिला. मग सगळं सांगितलं, व्हिडिओ, टाक्या, चपात्यांचं ट्रेनिंग, सगळं. ती शेजारी बसून राहिली. म्हणाली, "शेजारणींला मीच दाखवला गं कौतुकानं. आता मीच सांगते त्यायला." मी म्हटलं, राहू दे. "राहू कसं द्यायचं? खोटं ऐकून गेल्यात माझ्या घरातून."

मंगळवार, ६ मे

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. संपलं सगळं, असंच वाटलं. त्यांना सगळं माहीत होतं, मी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

पण ते हसत होते. "बस. तू मला न सांगता गेलीस, ते चुकलंच. पण बघ, त्यातून काय झालं. एका गावाला आपल्या शास्त्रज्ञाने वेळेवर सावध केलं आणि त्यांचा माल वाचला. दुसऱ्या गावाने ऐकलं नाही. ही गोष्ट लोकांना कळली पाहिजे."

"सर, दुसऱ्या गावाने आपलंच ऐकलं."

"आपण आता उन्हाळ्यासाठी वेगळी पावडर आणतोय. नाव 'ग्रीष्म'. शुक्रवारी शूटिंग. तूच बोलायचं. तिथल्या लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे."

"त्यात कोणते जिवाणू आहेत?"

"सध्या तेच, मात्रा दुप्पट. पावसाळ्यात तू नवे शोधशील, ते घालू."

मला काढून टाकतील याची तयारी करून गेले होते. कुठे अर्ज करायचे, आईला काय सांगायचं, सगळं ठरवलं होतं. हे ठरवलं नव्हतं. बाहेर पॅसेजमध्ये आले. सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, नवीन पाकिटं आली बघा, तुमचा फोटो आहे त्याच्यावर!" आणि एक पाकीट माझ्यापुढे धरलं. कोट घातलेली मी, हसतेय.

पाकिटं छापून होईपर्यंत मला विचारलंही नव्हतं. की 'नाही' म्हणायची माझी सवय नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं?

शुक्रवार, ९ मे

तोच कॅमेरावाला, तीच खोली. दिवे लावल्यावर टाक्यांच्या कडेला मासे दचकून खाली गेले. सर कॅमेऱ्यामागे उभे होते. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, रेडी? बोला."

मी सुरुवात केली. "नमस्कार, मी पूनम वाघमारे. मार्चमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं की पाणी तापलं तरी खाद्य पूर्ण द्या. ते चूक होतं. त्याने मासे मेले. पाणी एकतीसच्या वर गेलं की खाद्य तोडा, पिंजऱ्यातली गर्दी कमी करा, विकण्यासारखा असेल तो मासा काढा. आणि माझ्याकडे तापलेल्या समुद्रावर पावडर नाही. माझ्याकडे नाही, आणि कोणी आहे म्हणालं तर त्याला बत्तीस अंशांवरची टाकी दाखवायला सांगा."

सर "कट" म्हणाले. कॅमेरावाल्याने मान वर केली नाही. सर पुढे आले, अगदी हळू बोलले. "हे इथून बाहेर जाणार नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये. म्हणून सकाळी घरीच मोबाइलवर बोलून कुसुमताईंना पाठवलं. आईने धरला होता मोबाइल. जरा हललाय."

त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. ते दमलेले दिसले. म्हणाले, "वकिलांशी बोलतो मी." आणि गेले. मला जा म्हणाले नाहीत, थांबही म्हणाले नाहीत.

पॅकिंगमध्ये बातमी पोचली होती. आज सुमनताईंनी जेवलात का विचारलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं. पॅकिंगच्या बायका बसमध्ये असूनही माझ्या शेजारची जागा चाकण चौकापासून रिकामीच राहिली.

घरी आले तर कुसुमताईंचा मेसेज होता: 'पाह्यला. पुढे पाठवला.'

उद्या गेटवर मला आत सोडतील की नाही, माहीत नाही. सकाळची पाळी मात्र अजून माझ्याच नावावर आहे आणि ती दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. थंड टाक्यांमध्ये जिवंत मासे आहेत. सकाळी फिल्टर धुतला नाही तर दुपारपर्यंत त्यांना श्वास पुरणार नाही. सहाची बस आहे. जायला हवं.